भंगारातले ड्रम ब्रेक जुन्या जीपला जुळवताना

विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ही गोष्ट मला माझ्या पहिल्या जीपचे दोन स्टड, म्हणजे चाक धरणारे बोल्ट, तुटल्यावर कळली. पान्ह्याला चार फुटांचा पाइप लावून मी नट सोडवतो आहे अशा समजुतीत होतो आणि प्रत्यक्षात तो आवळत होतो. तुटलेला तुकडा हातात घेऊन घासला तेव्हा गंजाच्या पापुद्र्याखाली स्टडच्या टोकावर ‘एल’ हे अक्षर ठोकलेले दिसले. तेव्हापासून भंगारातून आणलेला ब्रेकचा कोणताही भाग मी आधी घासतो, त्यावरची अक्षरे वाचतो, व्हर्निअरने (सूक्ष्म मापाच्या पट्टीने) मोजतो आणि मगच गाडीजवळ नेतो. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका सवयीतून आले आहे.

येथे डोळ्यांसमोर ठेवलेली गाडी म्हणजे नऊ इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारे, आतून ब्रेक लागणारे लोखंडी भांडे) असलेली जीप: १९४१ ते १९४५ या काळातली लष्करी एमबी आणि तिच्याच वंशातल्या नागरी सीजे-२ए व सीजे-३ए. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी आपल्याकडे कित्येक दशके बनत राहिली. त्यामुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, दिल्लीच्या मायापुरीत किंवा चेन्नईच्या पुदुपेटमध्ये जीपचे म्हणून जे ड्रम मिळतात, ते अनेक पिढ्यांचे आणि अनेक मिस्त्रींच्या हातांतून गेलेले असतात. फियाट किंवा अॅम्बॅसेडरच्या मालकालाही येथली पद्धत उपयोगी पडेल. आकडे मात्र त्याने आपल्या गाडीच्या मॅन्युअलातूनच घ्यावेत.

काय आणावे, काय आणू नये

ड्रम, हब (चाकाचा मधला फिरता भाग), बॅकप्लेट (ब्रेकचे भाग धरणारी, न फिरणारी तबकडी), शूचे (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींचे) लोखंडी सांगाडे, अँकर पिन आणि समायोजनाचे कॅम हे भाग भंगारातून घेण्यासारखे आहेत, कारण ते मोजून पारखता येतात. रबरी होज, सिलिंडरमधले रबरी कप, धातूच्या नळ्या, शूच्या स्प्रिंगा आणि जुने लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. स्प्रिंगबद्दल अनेकांना शंका येते, कारण ती दिसायला शाबूत असते. पण वर्षानुवर्षे तापून तिचा ताण उतरलेला असतो आणि अशी स्प्रिंग शू पूर्ण मागे ओढत नाही. मग शू ड्रमला घासत राहतो, ड्रम आणखी तापतो आणि दोष लायनरवर जातो. व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने शू पसरवणारा भाग, या दोन्हींच्या मधला आहे. त्याचे बोअर (आतले गोल पोकळ भोक) चांगले असेल किंवा स्लिव्ह (आतून बसवायची नवी नळी) घालण्याची तयारी असेल, तरच तो आणावा.

दुकानदार एकटा ड्रम दाखवू लागला, तर शक्यतो त्याच एक्सलची जोडी मागावी, आणि तीही बॅकप्लेट, शू व हब यांच्यासह. संपूर्ण जुडगा मिळाला तर निम्मी ओळख तिथेच पटते. सुटा ड्रम स्वस्त पडतो, पण त्याला जोडीदार शोधण्यात जी पायपीट होते तिचा हिशेब कोणी धरत नाही.

घरी आणल्यावर पहिले काम धुण्याचे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली काळी धूळ हवेच्या दाबाने उडवू नये आणि कोरड्या ब्रशने झाडूही नये. भाग पाण्याने पूर्ण भिजवावा, ओल्या फडक्याने पुसावा, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि या वेळी चांगल्या प्रतीचा मास्क लावावा. गॅरेजात तोंडाने फुंकर मारून ड्रम साफ करणारे लोक आजही दिसतात. त्यांचे पाहून आपण तसे करू नये.

मूळ रचना ओळखणे

भाग कुठला आहे हे ठरवण्याआधी आपल्या गाडीत काय असायला हवे ते ठाऊक असले पाहिजे. जीपच्या नऊ इंची ब्रेकमध्ये वरच्या बाजूला दोन्हीकडे पिस्टन असलेला एक व्हील सिलिंडर असतो आणि खालच्या बाजूला दोन स्वतंत्र अँकर पिन असतात. प्रत्येक शू आपापल्या पिनवर फिरतो. या पिना विकेंद्री असतात, म्हणजे त्या फिरवल्या की शूचे खालचे टोक ड्रमच्या जवळ किंवा दूर सरकते. वरच्या टोकासाठी बॅकप्लेटवर दोन विकेंद्री कॅम असतात. ड्रमचा आतला व्यास ९ इंच, म्हणजे २२८.६ मिमी, आणि लायनरची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४४.५ मिमी.

हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. याचा ओळखीसाठी फार उपयोग होतो. हाती आलेल्या मागच्या बॅकप्लेटला हँडब्रेकच्या केबलसाठी भोक असेल किंवा शूला केबलची पट्टी लावलेली असेल, तर तो भाग या जीपचा मूळचा नव्हे.

आता शूंकडे यावे. या ब्रेकमध्ये पुढच्या शूचे लायनर लांब असते, सुमारे १० ७/३२ इंच, आणि मागच्या शूचे आखूड, सुमारे ६ ५/८ इंच. गाडी पुढे जात असताना ड्रम पुढच्या शूला सिलिंडरकडून अँकरकडे ओढतो, त्यामुळे तो शू आपोआप अधिक घट्ट रुतून बसतो आणि जास्त काम करतो. मागच्या शूला ड्रम उलट ढकलतो, म्हणून त्याच्या वाट्याला काम कमी येते. जास्त काम करणाऱ्याला जास्त लायनर, हा सरळ हिशेब आहे.

बाजारात याच जीपच्या नावाने ११ इंची ब्रेकही मिळतात. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी सीजेंना ११ इंच व्यासाचे आणि २ इंच रुंदीचे ड्रम होते, आणि जुन्या जीपवर ते चढवण्याची प्रथा जगभर आहे. परंतु त्यांची रचना निराळी आहे. त्यात अँकर वर असतो, खाली दोन्ही शू एका समायोजक स्क्रूने जोडलेले असतात, आणि पुढचा शू फिरताना मागच्या शूला ढकलतो. त्यामुळे मुख्य काम मागच्या शूवर येते आणि लांब लायनर मागे लागते, म्हणजे नऊ इंचीच्या अगदी उलट. एका प्रकारावर हात बसलेला मिस्त्री दुसऱ्या प्रकारात सवयीने शू उलटे बसवतो. गाडी थांबते, पण पेडल जोर मागते, आणि दोष मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलचा जोर तेलात उतरवणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये) शोधला जातो. ११ इंची जुडगा चढवायचाच असेल तर बॅकप्लेटपासून मास्टर सिलिंडरपर्यंत सगळा विचार नव्याने करावा लागतो. नऊ इंचीच्या दुरुस्तीत त्याचा एखादा सुटा भाग मिसळू नये.

ड्रम पारखणे

ड्रम एका बोटावर किंवा दोरीला टांगावा आणि लहान हातोडीने कडेला हलकेच टोकावे. घंटेसारखा नाद आला तर पुढे जावे. भद्द आवाज आला तर बहुधा तडा आहे, आणि तडा गेलेला ड्रम वेल्डिंग करून वापरणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग दिसले तर तो भाग जास्त तापून कठीण झालेला असतो. लेथवर तिथे टूल उड्या मारते आणि टर्निंगनंतरही (लेथवर छिलल्यावरही) तो डाग उंचवट्यासारखा उरतो.

व्यास एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. आतल्या कडेला आणि तोंडाशी, अशा दोन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर चार दिशांनी माप घ्यावे. दिशांच्या मापांत ०.१५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ड्रम लंबगोल झाला आहे; तोंडाशी माप मोठे आले तर तो कर्ण्यासारखा उघडला आहे. कमाल व्यास ड्रमवर ओतीव अक्षरांत लिहिलेला असेल तर तोच अंतिम मानावा. तसा तो नसेल, तर मूळ मापापेक्षा ०.०६० इंच, म्हणजे साधारण दीड मिमी, ही सर्वसाधारण प्रचलित मर्यादा आहे. नऊ इंची ड्रमसाठी ती २३०.१ मिमी होते. बाजारातला ड्रम आधीच २२९.८ मिमी भरला तर त्यात टर्निंगला जागा उरलेलीच नाही, कारण वापरातल्या झिजेसाठीही थोडे राखावे लागते. एकाच एक्सलवरच्या दोन ड्रमांच्या व्यासांत पाव मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नये. मोठा ड्रम लेथवर कमी करता येत नाही, म्हणून लहान ड्रम त्याच्या मापाला आणावा लागतो.

हब, स्टड आणि फसवी भोके

जीपच्या चाकाला पाच स्टड असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिमी असतो. पाच भोकांचे वर्तुळ सरळ मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोके येत नाहीत. त्यासाठी शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे. आपल्या बाबतीत हे अंतर ८२.१ मिमी यायला हवे.

मारुती जिप्सीच्या चाकाचे वर्तुळही १३९.७ मिमीचेच आहे, आणि येथेच विक्रेता ‘जीपला बसतो, घेऊन जा’ असे ठामपणे सांगतो. चाक बसते हे खरे आहे. पण जिप्सीचे स्टड १२ मिमीचे आहेत आणि जीपचे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमीचे. शिवाय ड्रम मध्यावर राहतो तो स्टडमुळे नव्हे, तर हबच्या खांद्यामुळे. मधले भोक हबवर चपखल बसत नसेल, तर स्टडची भोके मोठी करून बसवलेला ड्रम दर फेऱ्याला किंचित उडतो आणि पेडल पायाखाली थरथरते. भोके जुळली म्हणजे ड्रम जुळला, असे कधीही समजू नये.

जुन्या जीपचे ड्रम हबला स्टडांनीच ठोकून पक्के केलेले असतात, म्हणून ड्रम आणि हब एकत्रच निघतात. ते वेगळे करायचे असतील तर स्टडची फुगवलेली कड आधी कापून काढावी लागते. ती तशीच ठेवून स्टड प्रेसवर दाबला तर हबची चकती वाकते आणि चांगले हब हकनाक वाया जाते.

मागच्या एक्सलबाबत एक गोष्ट बाजारातच तपासावी. एमबीचे मागचे हब स्वतःच्या बेअरिंगवर फिरते, तर बहुतांश सीजेमध्ये हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीने) बसते. हबमध्ये निमुळते भोक आणि चावीची खाच दिसली तर तो भाग सीजेच्या प्रकारचा आहे. ही दोन्ही हब एकमेकांच्या जागी कोणत्याही युक्तीने बसत नाहीत. निमुळते हब काढताना पुलर वापरावा; हातोडीने ठोकू नये, कारण तो मार आतल्या बेअरिंगवर जातो. डाव्या बाजूच्या हबचे स्टड उलट्या आट्यांचे आहेत ना, हेही तिथेच पाहावे. पूर्वीच्या कोणी सगळीकडे सरळ स्टड बसवले असतील तरी गाडी चालते, पण कोणत्या चाकाला कोणता नट, हे लाल रंगाने लिहून ठेवावे.

सिलिंडरचे गणित

बाहेरून एकसारखे दिसणारे दोन व्हील सिलिंडर आतून निराळ्या मापांचे असू शकतात. एमबीला पुढे १ इंच आणि मागे पाऊण इंच बोअरचे सिलिंडर आहेत. क्षेत्रफळाच्या भाषेत ते अनुक्रमे ५.०७ आणि २.८५ चौरस सेंटीमीटर होतात. म्हणजे एकाच दाबाला पुढचा सिलिंडर मागच्याच्या पावणेदोनपटीहून थोडा जास्त जोर लावतो. ब्रेक लागताना वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, म्हणून हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो.

आता कोणी मागे चुकून १ इंची सिलिंडर बसवला, तर मागचा जोर ७८ टक्क्यांनी वाढतो. कोरड्या रस्त्यावर ते लक्षात येत नाही, उलट ब्रेक चांगले झाल्यासारखे वाटतात. पहिल्या पावसात घाट उतरताना मागची चाके आधी लॉक होतात आणि आखूड व्हीलबेसची जीप गरकन आडवी होते. म्हणून सिलिंडर उघडून बोअर व्हर्निअरने मोजल्याशिवाय तो बसवू नये, आणि एका एक्सलवर दोन मापे कधीही ठेवू नयेत.

बोअरमध्ये नखाला लागणारे खड्डे असतील तर नुसते होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणे) पुरत नाही. चांगल्या टर्नरकडून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लिव्ह घालून मूळ मापाचे बोअर करून घ्यावे. माझ्या मते भंगारातल्या सिलिंडरवर खर्च करावा तो याच कामासाठी. आतले भाग ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवावेत. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा नुसता हात लागला तरी रबरी कप फुगतो. कपाच्या ओठांची दिशा दाबाच्या बाजूला ठेवावी. मास्टर सिलिंडर बदलला असेल तर तो ड्रम ब्रेकचाच आहे याची खात्री करावी, कारण ड्रमच्या मास्टरमध्ये नळीत ८ ते १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब शिल्लक ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. त्या दाबामुळे कपाचे ओठ बोअरला टेकलेले राहतात आणि हवा शिरत नाही.

नळ्यांचे आटे

या कामातली सर्वांत गुपचूप चूक येथे होते. ३/१६ इंची नळीच्या अमेरिकी नटाला ३/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असतात. अलीकडच्या गाड्यांचा नट १० मिमी व्यासाचा आणि १ मिमी अंतराच्या आट्यांचा असतो. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, आणि २४ आट्यांतले अंतर १.०६ मिमी. त्यामुळे इंची नट मिलिमीटरच्या भोकात सहज फिरतो, शेवटी घट्ट झाल्याचा भासही देतो, पण आटे निम्मेच पकडलेले असतात आणि जोराचा ब्रेक मारताना नट निसटू शकतो. नट हाताने फिरवताना खडखडला तर तिथेच थांबावे. आटे पाहण्याची पत्त्यांसारखी गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती जवळ ठेवावी. नळीच्या टोकाचा आकारही दोन्हीत निराळा असतो: अमेरिकी नळीचे तोंड दुहेरी दुमडून आत कोनात बसते, तर मिलिमीटरच्या बहुतेक नळ्यांचे तोंड बुडबुड्यासारखे फुगवलेले असते. जुळत नसेल तर मधला अॅडॉप्टर वापरावा किंवा त्या चाकाची नळी नवी करून घ्यावी. टेफ्लॉनची टेप गुंडाळून गळती थांबवू नये.

लायनर आणि शूची गोलाई

शूचा सांगाडा सपाट काचेवर ठेवून पिळलेला नाही ना ते पाहावे. शंका असल्यास चांगल्या शूची आकृती कागदावर पेन्सिलीने काढून घ्यावी आणि बाकीचे त्यावर ठेवून बघावे; अँकरचे भोक अर्धा मिमी जरी झिजले असेल तरी बुश घालून घ्यावे. नवे लायनर अॅस्बेस्टॉसविरहित घ्यावे आणि रिबीट मधल्या भागापासून टोकांकडे मारत जावे, म्हणजे लायनरखाली पोकळी राहत नाही.

ड्रम टर्न केल्यावर त्याची त्रिज्या वाढते, पण बाजारातले लायनर मूळ मापाच्या ड्रमसाठी असते. म्हणून थोडे जाड लायनर लावून ते ड्रमच्या नव्या मापाला गोलाईत घासून घ्यावे लागते. हे झाले की नाही हे पाहायला खडू पुरतो. ड्रमच्या आत खडू चोळावा, शू हाताने दाबून दोन इंच मागेपुढे सरकवावा आणि लायनरवरचे पांढरे पट्टे पाहावेत. पांढरा रंग मध्यावर लागून टोकांकडे विरत गेला तर काम ठीक आहे. तो फक्त दोन टोकांना लागला असेल तर ब्रेक पकडतील, किंचाळतील आणि गाडी एका बाजूला ओढेल. अशा वेळी टोके आणखी घासावीत.

बसवणे, जुळवणे, तपासणे

शू ज्या उंचवट्यांवर घासतात तिथे तापमान सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ड्रम चढवल्यावर आधी अँकर पिना आणि मग कॅम जुळवावेत. मॅन्युअलप्रमाणे लायनर आणि ड्रम यांच्यात अँकरकडच्या टोकाला ०.००५ इंच आणि सिलिंडरकडच्या टोकाला ०.००८ इंच फट हवी. फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती याच मापांची निवडावी. पिना पहिल्या जुळवणीत एकदा नीट बसवल्या की नंतरच्या झिजेसाठी फक्त कॅम फिरवावे लागतात. बहुतेक गॅरेजांत पिनांना हातच लावला जात नाही, आणि ‘जीपचे ब्रेक असेच असतात’ ही तक्रार बऱ्याच अंशी त्यातून आलेली आहे. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवावी.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे घ्यावे आणि डबा नुकताच उघडलेला असावा, कारण ते हवेतले पाणी शोषते. कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो, आणि लांब घाटात नळीत वाफ होण्यासाठी तेवढे पुरते. नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. मग मदतनिसाला पेडल एक मिनिट जोराने दाबून धरायला सांगावे आणि आपण प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद टेकवून ओल शोधावी.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार तिला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घ्यायचा असेल, तर मूळचे बदललेले भाग फेकून न देता नावानिशी बांधून ठेवावेत. ते नियम गाडी मूळ रूपात असण्यावर भर देतात, आणि तपासणीच्या वेळी मूळ ड्रम दाखवता येणे सोयीचे पडते.

पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, ताशी वीस किलोमीटरच्या आत घ्यावी. पाच-सहा किलोमीटर चालवून झाल्यावर गाडी उभी करावी आणि चारही ड्रमांजवळ हाताची उलटी बाजू न्यावी. आधी जवळ धरून ऊब घ्यावी, मगच स्पर्श करावा. एकच ड्रम जास्त तापला असेल तर त्याचा शू घासतो आहे, म्हणून कॅम थोडा मागे घ्यावा. एकच थंड राहिला तर त्या चाकात हवा उरली आहे किंवा तिथला पिस्टन अडकला आहे, आणि ते चाक पुन्हा उघडावे लागेल. शंभर किलोमीटरनंतर लायनर ड्रमवर बसलेले असते. तेव्हा सर्व फटी पुन्हा मोजाव्यात आणि चाकांचे नट, डाव्या बाजूचे उलट दिशेने, परत आवळावेत.